तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह: कामाच्या नोंदी आणि हत्यारांची निवड

३ नोव्हेंबर

इंजिन चार सिलिंडरचं, सोळा व्हॉल्व्हचं, पेट्रोलवर चालणारं. वर दोन कॅमशाफ्ट, त्यांच्याखाली कॅमचा रेटा व्हॉल्व्हवर पोचवणारे वाटीसारखे टॅपेट, हेड (सिलिंडरांवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) ॲल्युमिनियमचं. आयडलला थरथरतं, आणि गरम झाल्यावर ती थरथर कमी होण्याऐवजी वाढते. प्लग बदलून झाले, कॉइलची अदलाबदल करून झाली, मिसफायर तिसऱ्या सिलिंडरवरून हललेला नाही. म्हणजे आता ठिणगीचा नाद सोडून दाबाकडे बघायचं.

आज कॉम्प्रेशन मोजलं. चारही प्लग बाहेर, इंधनपंपाचा फ्यूज काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज. पहिला १२.८ बार, दुसरा १२.६, तिसरा ८.१, चौथा १२.७. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं तर ८.४. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून आकडा चांगलाच चढला असता. तो चढला नाही, म्हणजे संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅसकेटवर.

गेजबद्दल लिहून ठेवतो, कारण पहिला आकडाच खोटा आला तर पुढचं सगळं काम भलत्या दिशेला जातं. रबरी शंकू प्लगच्या भोकावर हातानं दाबून धरायचा गेज या इंजिनाला चालत नाही. प्लग खोल विहिरीत बसलेले आहेत, तिथवर तो नीट पोचत नाही, आणि पोचला तरी हात हलला की हवा निसटते. आटे असलेली नळीच हवी. त्या नळीत हवा परत येऊ न देणारा जो छोटा व्हॉल्व्ह असतो तो प्लगकडच्या टोकाला असायला हवा. तो गेजकडे असेल तर नळीतली सगळी पोकळी ज्वलनकक्षात धरली जाते आणि दाब कमी दिसतो. त्या व्हॉल्व्हची आतली पिन बदलायची वेळ आली तर टायरच्या ट्यूबची पिन घालू नये. दिसायला ती तशीच असते, पण तिची स्प्रिंग कडक असते, त्यामुळे आकडा खाली येतो. नळीचे आटे प्लगच्या आट्यांपेक्षा लांब नाहीत ना, तेही आधी प्लगशेजारी धरून बघितलं.

५ नोव्हेंबर

लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून किती गळते ते बघणं. दोन गेज, मध्ये बारीक भोक. पहिल्या गेजवर ७ बार लावायचे, दुसऱ्यावर किती उरतात ते बघायचं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरची गळती ६ ते ९ टक्के. तिसऱ्यात दुसरा गेज ४.१ वर थांबला, म्हणजे ४१ टक्के.

रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक एकेका जागी नेलं. थ्रॉटलपाशी शांत. ऑइल भरायच्या झाकणापाशी किंचित हवा, ती बाकीच्या सिलिंडरांनाही आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही. सायलेन्सरच्या नळकांड्यात नळी घातली आणि स्पष्ट ‘सूंऽऽ’ ऐकू आलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

ही टेस्ट करणाऱ्यानं एक गोष्ट विसरू नये. पिस्टनचा व्यास ८० मिमी धरला तर ७ बारला त्याच्यावर साधारण ३५० किलोचा भार येतो. पिस्टन अगदी टोकावर नसेल तर क्रँक झटक्यात फिरतो. पुलीच्या बोल्टवर पाना तसाच राहिला असेल तर तो मनगट मोडू शकतो. हवा सोडण्याआधी पाना काढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा. दर वेळी, याच क्रमानं.

६ नोव्हेंबर

हेड उतरवायच्या आधी टॅपेटची फट, म्हणजे कॅम आणि टॅपेट यांच्यातली मोकळी जागा, मोजली. हे टाळून थेट हेड खोलणारे पुष्कळ आहेत, पण एक्झॉस्टची फट संपली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही आणि मग जळाल्यासारखाच गळतो. माझ्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिमी दिले आहेत, दोन्हीकडे ०.०३ची सूट. सात एक्झॉस्ट ०.२७ ते ०.३१च्या मध्ये. तिसऱ्या सिलिंडरचा मागचा मात्र ०.०८.

इंजिन गार असताना ०.०८ म्हणजे फट थोडी का होईना, शिल्लक आहे. तरीही गार इंजिनात ४१ टक्के हवा जाते आहे. तेव्हा नुसता टॅपेट बदलून भागणार नाही, सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना हेडमधल्या ज्या कडीवर टेकतो तिथे) इजा झालेली आहे. शिवाय व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेला की त्याची दांडी वर सरकते आणि फट कमी होत जाते. दोन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

फीलर गेज वाकड्या टोकाच्या पात्यांचा घेतला. कॅमच्या खाली सरळ पातं तिरकं शिरतं आणि त्याच्या कडेला कॅमचा रेटा लागतो. हाताला वाटतं की पातं अडकलं, पण फट खरी तेवढी नसते. दोन पाती एकत्र धरून मोजणंही शक्यतो टाळतो, कारण मधला ऑइलचा थर आकड्यात मिसळतो. ०.२७चं पातं सहज जावं, ०.३०चं लोण्यातून सुरी ओढल्यासारखं जावं, ०.३३चं जाऊ नये. ही ओढ हातात बसायला वेळ लागतो. माझ्या जुन्या गेजचं ०.३०चं पातं मायक्रोमीटरनं मोजलं तर मधोमध ०.२८ भरलं. वापरून वापरून झिजलेलं. ते पातं वेगळं काढून ठेवलं.

९ नोव्हेंबर

हेड उतरवलं. इंजिन रात्रभर गार झालेलं, बोल्ट बाहेरून आत, थोडेथोडे सैल करत. कॅमच्या टोप्यांवर आकडे कोरलेले असतात, तरी फोटो काढून ठेवले. बोल्टच्या डोक्याचा आकार आधीच बघून बरोबर गोटी (सॉकेट) आणली होती. बारा दात्यांचा बोल्ट आणि टॉर्क्स वरवर बघता सारखे वाटतात, आणि चुकीची गोटी घालून जोर लावला की डोकं गुळगुळीत होतं.

गॅसकेटचे अवशेष प्लॅस्टिकच्या खरवडणीनं काढले. ड्रिलवर लावायच्या खरखरीत चकत्या मी या कामाला हातातही घेत नाही. त्यांची कुरूंद ऑइलच्या वाटांमध्ये शिरते आणि नंतर बेअरिंग खाते. पृष्ठभाग सरळ पट्टीनं तपासला. सहा दिशांनी पट्टी धरली, ०.०५चं पातं कुठेच शिरलं नाही. हेडला बाक नाही.

११ नोव्हेंबर

आजचा दिवस स्प्रिंग दाबण्यात गेला. हत्यार निवडताना सगळ्यात जास्त विचार इथेच करावा लागला.

जुन्या इंजिनांत स्प्रिंग उघड्यावर असते. इंग्रजी सी अक्षरासारखा क्लॅम्प घेतला, एक बाजू व्हॉल्व्हच्या डोक्यावर, दुसरी स्प्रिंगच्या टोपीवर, खटका दाबला की झालं. वाटीच्या टॅपेटमध्ये तसं नाही. टोपी टॅपेटच्या भोकात खोल बसलेली असते आणि भोकाची भिंत आरशासारखी असते, कारण टॅपेट तिच्यावरच सरकतो. नेहमीच्या क्लॅम्पचा जबडा त्या भोकात मावतच नाही, आणि जबरदस्तीनं घातला तर भिंत ओरखडते. त्यासाठी लांब नळीसारखा तुकडा लागतो, ज्याला बाजूला खिडकी असते. त्या खिडकीतून लॉकच्या, म्हणजे टोपी दांडीवर धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, दोन फोडी काढायच्या आणि घालायच्या. भोक ३१ मिमी, टोपी २५ मिमी. तेव्हा नळी या दोघांच्या मधली हवी, आणि खिडकी एवढी रुंद हवी की चुंबकाचं टोक आणि लॉकची फोड एकत्र बाहेर पडेल.

माझ्याकडे आधीपासून असलेल्या क्लॅम्पचा दंड पातळ पत्र्याचा. पहिल्याच स्प्रिंगला भार आल्यावर दंड फाकला, नळी तिरकी झाली, टोपीवरून घसरली आणि स्प्रिंग उडाली. डोळ्यांवर चष्मा होता. लॉकची एक फोड कुठे गेली ते कळलं नाही, आता ती जोडी नवीन मागवली आहे. भोकाच्या भिंतीला काही झालं नाही, कारण त्यात प्लॅस्टिकच्या बाटलीचा कापलेला पत्रा गोल करून घातला होता. ही युक्ती सगळ्यांनी करावी. पत्रा भिंतीला चिकटून राहतो आणि लोखंड तिच्यापर्यंत पोचत नाही.

दुपारी ओतीव दंडाचा जड क्लॅम्प आणला. फरक पहिल्या दाबातच जाणवला. दंड लवत नाही, नळी दांडीच्या रेषेतच राहते. क्लॅम्प घेताना मी आता तीनच गोष्टी बघतो: भाराखाली दंड फाकतो का, दोन्ही टोकं एका रेषेत येतात का, आणि दाबून ठेवल्यावर खटका स्वतःहून धरून राहतो का. दोन्ही हात मोकळे राहिले नाहीत तर लॉक निघत नाही. नळीवर हातोडी मारून, आतल्या चुंबकानं लॉक उडवून काढायचं एक हत्यार मिळतं. खोलायला ते झटपट आहे, पण परत बसवताना त्याचा भरवसा वाटत नाही, म्हणून घेतलं नाही.

दाबण्याआधी टोपीवर गोटी ठेवून हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा. वर्षानुवर्षं दाबाखाली राहिल्यानं लॉक टोपीच्या उतारात घट्ट चिकटलेले असतात. ठोका दिला की टक् असा कोरडा आवाज येतो आणि ते सुटतात. न ठोकता दाबलं की सगळा भार दंडावर येतो.

लॉक निघाल्यावर व्हॉल्व्ह लगेच खाली ढकलला नाही. दांडीच्या टोकाशी, लॉकच्या खाचेवर नख फिरवलं. सोळांपैकी पाच दांड्यांवर नखाला अडणारी कड उठलेली होती. तीच कड गाइडमधून (दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून) ओढली तर आत उभा ओरखडा पडतो. बारीक दगड ऑइल लावून दोनदा फिरवला, नख अडायचं थांबलं, मग व्हॉल्व्ह आपल्या वजनानं खाली घसरला.

पुठ्ठ्याला सोळा भोकं पाडून प्रत्येक व्हॉल्व्ह, स्प्रिंग, टोपी आणि टॅपेट आपापल्या आकड्यावर ठेवले आहेत.

तिसऱ्याचा मागचा एक्झॉस्ट हातात घेऊन बराच वेळ बघत बसलो. बाकीच्यांच्या फेसवर, म्हणजे सीटवर टेकणाऱ्या तिरक्या कडेवर, राखाडी रंगाची एकसारखी कडी आहे. याची कडी एका बाजूला रुंद, समोरच्या बाजूला अरुंद, आणि जिथे अरुंद आहे तिथे नखाएवढ्या भागावर धातू वितळून ओघळल्यासारखा. त्याच्या आजूबाजूला पांढरट झाक. सगळीकडून सारखाच जळाला असता तर गोष्ट वेगळी होती. एकाच बाजूला जळाला, म्हणजे तो सरळ बसत नव्हता.

१२ नोव्हेंबर

काजळी काढली. व्हॉल्व्ह पितळी ब्रशनं, गाइड नायलॉनच्या लांब ब्रशनं. काजळीवर मोजलेला आकडा काजळीचा असतो, म्हणून हे आधी.

१४ नोव्हेंबर

मोजमाप. या कामात कुठे हात आखडता घेऊ नये असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत वाचतो. गाइड आणि दांडी यांच्यातली फट एक्झॉस्टला मुळातच ०.०३ ते ०.०६. मोजायची गोष्ट आणि मोजणाऱ्याची चूक जवळपास सारखीच असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर, हजारावा भाग वाचणारा. त्याला टोकाशी घट्ट-सैल फिरणारा खटका हवा, म्हणजे प्रत्येक वेळी सारखाच दाब पडतो. काम सुरू करण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ कागदावर पुसून शून्य तपासलं.

दांडी तीन उंचीवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी. गाइडच्या आतून मोजायला लहान भोकाचा गेज: फाटलेल्या गोळीसारखं टोक, मागची कळ फिरवली की फुगतं. ते भोकात हलकं घासेल इतकं फुगवायचं, बाहेर काढायचं आणि मायक्रोमीटरनं मोजायचं. सगळा खेळ बोटांचा आहे. एकच भोक पाच वेळा मोजलं. पहिल्या दोन आकड्यांत ०.०१चा फरक होता, शेवटचे तीन ०.००३च्या आत आले. मग पुढे गेलो.

सात एक्झॉस्ट गाइडांची फट ०.०४ ते ०.०५. तिसऱ्याचा मागचा: दांडी ५.४५५, गाइड वरच्या आणि खालच्या तोंडाशी ५.५६०. फट ०.१०५. मधोमध तोच गाइड बराच बरा आहे. गाइड नेहमी तोंडांशी घंटेसारखा पसरतो, आणि कॅम ज्या दिशेनं रेटतो त्या दिशेला लांबट होतो. म्हणून एकाच जागी, एकाच दिशेनं मोजलं तर झिजलेला गाइडही चांगला ठरू शकतो.

खात्रीसाठी डायल गेज लावला. चुंबकी स्टँड घेऊन आलो, आणि हेड ॲल्युमिनियमचं. त्याला चुंबक चिकटत नाही. शेवटी जाड लोखंडी पट्टी हेड बोल्टच्या भोकांत बोल्ट घालून कसली आणि स्टँड तिच्यावर ठेवला. व्हॉल्व्ह सीटपासून १० मिमी वर धरून डोकं इकडून तिकडे हलवलं. बाकीच्या व्हॉल्व्हचा काटा थोडा सरकतो, याचा जवळपास अडीचपट. हा आकडा गाइडच्या फटीएवढा नसतो, मोठा असतो, कारण टेकूपासून लांब गेल्यावर हालचाल वाढते. मॅन्युअलमध्ये या पद्धतीची मर्यादा वेगळी दिलेली असते, तिच्याशीच ताडायचं.

आता सगळं जुळतं. गाइड झिजला, व्हॉल्व्ह डुलायला लागला, सीटवर तिरका बसायला लागला. एका बाजूला चिंचोळी फट राहिली आणि जळता वायू तिथून फुंकला जाऊ लागला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्यातली बरीचशी उष्णता बंद असताना सीटमधूनच हेडमध्ये जाते. जिथे तो टेकत नाही तिथे उष्णतेला वाट राहत नाही. तिथेच तो जळाला.

१५ नोव्हेंबर

गेला आठवडाभर सीट कटरचा संच घ्यायचं मनात होतं. ३०, ४५ आणि ६० अंशांची कार्बाइड पाती, हातानं फिरवायची. मधला ४५ अंशांचा कट ही खरी सीट. वरचा ३०चा आणि आतला ६०चा कट तिची रुंदी आणि जागा ठरवतात. दगडानं घासण्यापेक्षा हे मला नेहमीच आवडतं, कारण दगडाला हिऱ्याच्या टोकानं वारंवार कोन द्यावा लागतो, पात्याला नाही.

पण कालच्या आकड्यांनी तो विचार मागे पडला. कटर कशाच्या आधारानं फिरतो? त्याच्या मधोमध एक सळई असते, पायलट, आणि ती गाइडमध्ये बसते. गाइड ०.१०५ मोकळा असेल तर पायलट डुलणार, पायलट डुलला की कटर डुलणार, आणि कटलेली सीट गाइडच्या मध्यावर राहणार नाही. पसरता पायलट भोकाला गच्च धरतो खरा, पण भोकच लांबट असेल तर तो त्या लांबट भोकाच्या मध्यावर बसेल, मूळ मध्यावर नाही. कटर कितीही उत्तम असला तरी काम वाकडंच होणार.

गाइड बदलायला हेड सगळीकडून सारखं तापवावं लागतं, जुना गाइड पायरीच्या सळईनं ठोकून काढावा लागतो, नवा बरोबर उंचीला बसवून रीमरनं मापात आणावा लागतो. एका गाइडसाठी रीमर, सळई आणि भट्टी जमवायची नाही. हेड मशीन शॉपला द्यायचं ठरवलं.

तिथल्या काकांना कागदावरचे सोळाही आकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवून कागद वाचला आणि म्हणाले, “हे तू मोजलंस ते बरं केलंस. लोक हेड आणून टाकतात आणि म्हणतात, सीट मारून द्या. मी सीट मारतो, सहा महिन्यांनी परत येतात. गाइड आधी, सीट नंतर.”

मी विचारलं, “काका, इनटेकच्या सीटही मारून घेऊ का?”

“आधी निळं लावून बघ. कडी अखंड असेल तर पातं कशाला लावायचं? सीटला मास एकदाच असतं.”

इनटेकला निळा रंग लावला, व्हॉल्व्ह सीटवर कुठे टेकतो ते त्याच्या ठशावरून कळतं. आठही कड्या अखंड. त्यांना हात लावायचा नाही. एक गाइड, आठही एक्झॉस्ट सीट आणि एक नवीन व्हॉल्व्ह, एवढंच काम दिलं.

जळालेला व्हॉल्व्ह भरीव आहे, म्हणून कापून आतून बघता आला. काही इंजिनांत एक्झॉस्टची दांडी पोकळ असते आणि आत सोडियम असतो. १९२०च्या दशकात अभियंता सॅम हेरन यांनी विमानांच्या इंजिनांसाठी ही युक्ती विकसित केली. सोडियम ९८ अंशांच्या आसपास वितळतो आणि पोकळीत वरखाली हिंदकळत डोक्याची उष्णता दांडीकडे नेतो. तसा व्हॉल्व्ह कापायचा किंवा भोक पाडायचा विचारही करू नये, पाणी लागलं तर सोडियम पेट घेतो. मॅन्युअलमध्ये खात्री केल्याशिवाय कुठल्याही व्हॉल्व्हला करवत लावू नये.

२० नोव्हेंबर

हेड परत आलं. गाइडची फट मी पुन्हा मोजली: ०.०४.

लॅपिंगची (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासायची) काठी: लाकडी दांडा, दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मापाच्या रबरी वाट्या. व्हॉल्व्हच्या डोक्यापेक्षा वाटी थोडी लहान हवी. डोकं आधी सॉल्व्हंटनं पुसायचं. ऑइलचा अंश राहिला की वाटी दर चार फेऱ्यांनी सुटते, आणि माणूस वैतागून काठी ड्रिलला लावतो. ड्रिल एकाच दिशेनं फिरतं, त्यानं फेसवर गोल चरे पडतात. तळहातांमध्ये काठी पुढे-मागे फिरवायची, पाच-सहा वेळा झालं की व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवायचा आणि परत.

जाड पेस्टचा डबा उघडलाच नाही. सीट ताज्या कटलेल्या आहेत. जाड पेस्ट नव्या कडा गोल करते आणि सीट रुंद करते. बारीक पेस्टचे चार ठिपके, अर्ध्या मिनिटाचं काम. आवाज ऐकत राहिलो. आधी खरखर, मग ती मऊ होत जाते, आणि एका क्षणी नुसतं सरकणं उरतं. तिथे थांबायचं. ज्या व्हॉल्व्हच्या फेसवर खास लेप दिलेला असतो त्यांना पेस्ट लावूच नये, लेप निघून जातो.

नंतर निळा रंग, फेसवर बोटानं पुसून जवळजवळ दिसणार नाही इतका पातळ. व्हॉल्व्ह सीटवर सोडायचा, वरून दाबायचा, आणि गरगर फिरवायचा नाही. पूर्ण फिरवला तर एकच उंचवटा सगळ्या गोलाला रंग फासतो आणि खोटी अखंड कडी दिसते. आठही एक्झॉस्टच्या कड्या अखंड, रुंदी १.६ मिमीच्या जवळपास, फेसच्या मधोमध.

गाइडमध्ये पेस्टचा कण राहू नये म्हणून प्रत्येक गाइड तीनदा धुतला, पांढऱ्या चिंधीवर राखाडी डाग येईना तोवर.

२२ नोव्हेंबर

स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजली, सगळ्या ०.३ मिमीच्या आत. गुण्याशेजारी उभ्या करून फिरवल्या, कुठलीही झुकलेली नाही. स्प्रिंगचा दाब मोजायचं यंत्र घेतलं नाही, लांबी आणि सरळपणा ठीक असताना ते आता गरजेचं वाटलं नाही.

ऑइल सील नवीन. जुने काढताना साध्या पक्कडीनं एक फाटला आणि त्याची लोखंडी कडी गाइडवरच राहिली. सीलच्या पक्कडीची टोकं आतून गोल असतात, ती सीलला चहूबाजूंनी धरते. ती घेतली आणि उरलेले सील एकेका पिळात निघाले. बसवताना दाब सीलच्या लोखंडी कवचावर पडावा, रबरी ओठावर नाही. इनटेक आणि एक्झॉस्टचे सील वेगवेगळे आहेत, रंगावरून ओळखायचे. व्हॉल्व्हच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची टोपी घालून मगच दांडी सीलमधून वर आणली, नाहीतर लॉकच्या खाचा ओठ कापतात.

२४ नोव्हेंबर

स्प्रिंगा बसवल्या. लॉकच्या फोडी ग्रीसच्या थेंबानं दांडीला चिकटतात आणि क्लॅम्प सोडेपर्यंत हलत नाहीत. बसल्यावर प्रत्येक दांडीवर प्लॅस्टिकच्या हातोडीचा एक ठोका. मग हेड आडवं करून एक्झॉस्टच्या वाटांत रॉकेल ओतलं आणि तासभर ठेवलं. आठही सीट कोरड्या.

२५ नोव्हेंबर

कॅम बसवून फट मोजली. हेड दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं, नाहीतर उघडे व्हॉल्व्ह टेबलावर दाबले जाऊन वाकतात. एका वेळी एकच कॅम बसवला, दोन्ही मनमानी फिरवले तर इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना धडकू शकतात.

सीट कटल्यामुळे दांड्या वर आल्या आहेत आणि आठही एक्झॉस्टची फट घटली आहे. हिशोब सोपा: जुन्या टॅपेटची जाडी, अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट. तिसऱ्याच्या मागच्याचा टॅपेट ५.२४, फट ०.०४, हवी ०.३०. म्हणजे ४.९८. जाडी टॅपेटच्या आत कोरलेली असते, पण मी मायक्रोमीटरवरच विसंबलो. कोरलेला आकडा नव्या टॅपेटचा असतो.

२९ नोव्हेंबर

हेड चढवलं. दोन टॉर्क रेंच लागतात, एकात भागत नाही. कॅमच्या टोप्यांना १० न्यूटन-मीटर. ४० ते २०० वाचणारा मोठा रेंच तिथे खाली उतरतच नाही, आणि अंदाजानं कसलं तर ॲल्युमिनियमचे आटे ओढले जातात. टोप्यांसाठी ५ ते २५चा छोटा, हेडसाठी मोठा. हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे होते, म्हणून नवीन. आधी ठरलेला टॉर्क, मग अंशांत वळवणं, त्यासाठी कोनमापक चकती. बोल्टच्या आंधळ्या भोकांतलं ऑइल आधी चिंधीनं टिपून घेतलं, कारण ते तळाशी अडकलं तर बोल्ट त्याला दाबून ब्लॉकला चीर पाडू शकतो. टायमिंग जुळवून क्रँक हातानं दोनदा पूर्ण फिरवला, कुठे अडत नाही.

३० नोव्हेंबर

कॉम्प्रेशन: १२.९, १२.७, १२.८, १२.८. लीकडाउन: ६, ७, ६, ८ टक्के. तिसऱ्या सिलिंडरला ७ बार लावून नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि कान लावून बसलो. कॉम्प्रेसर बंद केला, तरीही काही ऐकू आलं नाही. आयडलला काचेच्या पेल्यातलं पाणी इंजिनावर ठेवलं, त्यावर बारीक, सारख्या लहरी.

१,००० किमीनंतर फट पुन्हा मोजायची आहे. नवीन सीटवर व्हॉल्व्ह थोडा बसतो, तेव्हा तिसऱ्याचा मागचा ०.३०वरून कुठे येतो ते इथेच लिहीन. मॅन्युअलच्या त्या पानात ५.२४चा जुना टॅपेट चिठ्ठी लावून पिशवीत ठेवला आहे.